शेवाळ म्हणजे शिल्लक

वार्षिकांकात कविता येतात, प्रवासवर्णने येतात, 'आजचा विद्यार्थी कोठे चालला आहे' अशा विषयांवरचे लेख तर हटकून येतात. त्या पंगतीत शेवाळावरचा लेख पाहून संपादकमंडळ दचकेल, याची मला कल्पना आहे. शिवाय मी विज्ञानशाखेची नाही. तृतीय वर्ष कला, विषय इतिहास. तरीही गेल्या दोन वर्षांत ज्या एका गोष्टीविषयी माझे स्वतःच्या चुकांतून कमावलेले असे मत बनले, ती गोष्ट शेवाळ हीच आहे. म्हणून हे धाडस.

मत आधीच सांगून टाकते. घरातल्या माशांच्या पेटीत शेवाळ माजले, की आपण फडके, ब्रश आणि औषधाची बाटली घेऊन त्याच्यामागे लागतो. माझ्या मते ते शेवाळ आपणच पेरलेले असते, आणि ते घालवायचे तर पेटीत काही नवे ओतण्याऐवजी आपण जे ओतत आहोत ते कमी करावे लागते. हे मत साधे आहे. ते पटायला मात्र मला आठ माशांचा जीव घ्यावा लागला.

आमच्या आजोबांना 2023 च्या पावसाळ्यात अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणे जड झाले. चाळीस वर्षे कोल्हापुरातल्या एका गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून राबलेला हा माणूस पुढच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीशी खाटेवर पडून राहिला. दिवसभर पाहायचे काय, तर समोरची भिंत! जानेवारी 2024 मध्ये काकांनी त्यांच्यासाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी काचेची पेटी आणली. सात गप्पी आणि चार मॉली. पेटी खिडकीशीच ठेवली, म्हणजे आजोबांना पडल्या पडल्या दिसावी. दुसऱ्या दिवसापासून आजोबांनी त्यांचा जुना धंदा पुन्हा सुरू केला. सकाळी चहा झाला, की उजव्या हाताचे बोट हवेत धरून ते मासे मोजत. अकरा भरले, की मान हलवत. हिशेब जुळला!

तिसऱ्या आठवड्यात काचेवर तपकिरी धूळ बसल्यासारखी दिसू लागली. ती पुसली, पुन्हा आली. मग तिची जागा हिरव्या ठिपक्यांनी घेतली, ठिपक्यांचा थर झाला, खड्यांवर केसांसारखे तंतू डोलू लागले. मार्चअखेर पेटी अशी हिरवी झाली, की बोट हवेतच राहिले आणि आजोबा म्हणाले, "दिसत नाहीत." त्यांच्या तोंडून पूर्ण वाक्य निघणे ही त्या दिवसांत मोठी गोष्ट होती. ते वाक्य ऐकून मला जी घाई झाली, तिचाच पुढे घात झाला.

पहिला उपाय आपल्या घराघरांतला. रविवारी सगळी पेटी रिकामी केली. मासे बादलीत, खडे नळाखाली खळाखळा धुतले, काच साबण न लावता पण नारळाच्या शेंडीने घासली, नवे पाणी भरले. पेटी नव्यासारखी लखलखली. दोन दिवसांनी पाणी दुधट झाले आणि चौथ्या दिवसापर्यंत दोन गप्पी गेले. नंतर कळले ते असे : माशांच्या मलमूत्रातून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना विषासारखा असतो. खड्यांवर वस्ती करून राहिलेले जिवाणू त्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वस्ती बसायला काही आठवडे लागतात. मी ती एका दुपारी गटारात सोडून दिली होती. आपण ज्याला स्वच्छता म्हणतो, ती पाण्यातल्या जिवाच्या दृष्टीने कधी कधी घर उद्ध्वस्त करणे असते.

आणि शेवाळ? ते पंधरा दिवसांत परत आले.

दुसरा उपाय दुकानातला. दुकानदार म्हणाला, "ताई, हे चार थेंब टाका. आठ दिवसांत काच आरशासारखी!" निळसर औषधाची छोटी बाटली होती. आत काय आहे, हे तिच्यावर छापलेले नव्हते आणि मीही विचारले नाही. चार थेंबांनी आठ दिवस लागतात, तर बारा थेंबांनी तीन दिवस लागतील, असे त्रैराशिक मी मांडले. सगळा दोष बाटलीला देणार नाही. माझ्या अधीरपणाचाही त्यात वाटा आहे. शेवाळ खरोखरच मेले. हिरवे होते ते करडे झाले आणि सुटून तळाशी बसले. तिसऱ्या दिवशी पहाटे आई पाणी भरायला उठली, तेव्हा मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. उजाडेपर्यंत सहा गेले.

आजोबा उठण्यापूर्वी मी ते काढून टाकले. वाटले, कळणार नाही. चहा झाला. बोट वर गेले. नऊपर्यंत जाणारे ते बोट तिनाशी थांबले. आजोबांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली. मग आणखी एकदा. आपली मोजण्यात चूक होते आहे, असे त्यांना वाटत होते. ज्यांच्या रोजमेळात कधी पैची चूक निघाली नाही, त्या माणसाला मी स्वतःच्या डोक्याविषयी शंका घ्यायला लावली. तेव्हा मी खाटेच्या कडेला बसून खरे सांगितले. ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी त्यांनी पेटीकडे पाठ फिरवता येईल तेवढी फिरवली.

मेले कसे, हे शोधण्यावाचून मला चैन पडेना. कारण भयंकर सोपे होते. शेवाळ मारले तरी ते पाण्यातून नाहीसे होत नाही. ते तिथेच कुजते. कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात. रात्री दिवा बंद, म्हणजे नवा प्राणवायू तयार होणे बंद. पहाटेपर्यंत माशांना काही उरत नाही. शिवाय अशा औषधांत पुष्कळदा तांब्याचे क्षार असतात. ते गोगलगायींना आणि झिंग्यांना घातक, आणि मृदू पाण्यात तर माशांनाही. यातली सर्वांत मोठी गंमत पुढे आहे. मेलेल्या शेवाळाच्या अंगात जे पोषण होते, ते कुजून पुन्हा पाण्यातच मिसळते. म्हणजे पुढच्या पिकाला आपणच खत घातले! तीन आठवड्यांनी काच पुन्हा हिरवी झाली, तेव्हा मला नवल वाटले नाही.

इतिहासाची विद्यार्थिनी अडली, की ती जुने कागद उघडते. घरगुती मत्स्यपेटीचा जन्म साधारणपणे रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञापाशी सांगतात. 1850 मध्ये त्याने आपला प्रयोग तिथल्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. काचेच्या भांड्यात वाळू, चिखल, दगड, दोन गोल्डफिश आणि फितीसारख्या लांब पानांची वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती. मासे जे टाकतात त्यावर वनस्पती जगेल आणि वनस्पती प्राणवायू देईल, त्यावर मासे जगतील, असा त्याचा विचार. विचार बरोबर होता; तरी काही काळाने जुनी पाने कुजू लागली, काचेवर हिरवट बुळबुळीत थर चढला आणि पाणी गढुळले. म्हणजे मत्स्यपेटी जन्मली तेव्हाच शेवाळही तिच्याबरोबर जन्मले! वॉरिंग्टनने काय केले? त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि तो थर खाल्ला, वर त्यांची अंडी माशांना खाद्य झाली. घासणे नाही, औषध नाही. जिथे शिल्लक साचत होती, तिथे खाणारा आणून बसवला.

हा 'शिल्लक' शब्द माझा नाही, आजोबांचा आहे. मी हे सगळे त्यांना वाचून दाखवत होते. माझ्याशी त्यांची समेट तोवर झाली होती. ऐकता ऐकता ते म्हणाले, "जमा... लिही. खर्च... लिही." आणि थोडे थांबून, "शिल्लक दिसणारच."

मी वही केली. आठ दिवस कोणालाही काही न सांगता फक्त टिपून ठेवले. जमेच्या बाजूला दोन रकाने : उजेड आणि अन्न. उजेडाचा हिशेब असा निघाला, की सकाळी सात ते साडेनऊ पूर्वेचे ऊन थेट पेटीवर, आणि वरचा दिवा सकाळी आंघोळीच्या गडबडीत लागे तो रात्री दूरदर्शनसंचावरची शेवटची मालिका संपेपर्यंत. दिवसाला पंधरा-सोळा तास! अन्नाचा हिशेब त्याहून मजेदार. आजी देवपूजा झाली की चिमूटभर टाकायची; पहिला घास मुक्या जिवाला. बाबा कामावर जाताना. धाकटा भाऊ शाळेतून आल्यावर आणि मित्र आले की पुन्हा. काकू दुपारी. आई संध्याकाळी, 'दिवसभर कोणी घातले नसेल' म्हणून. आणि मी रात्री. सरासरी दिवसाला सात वेळा! अकरांसाठीही हे अती होते, आता तर तीनच मासे उरले होते. खर्चाच्या बाजूला काय? पाणी बदलणे कधीमधी. वनस्पती म्हणून प्लॅस्टिकची दोन झुडपे. प्लॅस्टिक काही खात नाही.

उजेड आणि खत मुबलक, आणि खाणारे कोणी नाही. अशा शेतात तण माजणार नाही तर काय माजणार? आमच्या घरचे शेवाळ कशावर पोसले होते? प्रेमावर! प्रत्येकाने चिमूटभर जास्तीचे प्रेम पाण्यात टाकले होते.

याच हिशेबाचा एक प्रचंड दाखला कॅनडात आहे. ओंटारिओ प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेल्या सरोवरांपैकी 226 क्रमांकाचे सरोवर मध्ये चिंचोळे, दोन्ही टोकांना रुंद आहे. 1973 मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या चिंचोळ्या जागी पडदा लावून सरोवराचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातले. एकाच भागात त्यांच्या जोडीला फॉस्फरस घातला. तोच भाग हिरवागार झाला, पलीकडचा नितळ राहिला. वरून काढलेले त्याचे छायाचित्र फार गाजले. एकाच सरोवराचे अर्धे पाणी हिरवे आणि अर्धे काळेभोर! कपडे धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटविषयी त्या काळी जो वाद चालू होता, त्यात या छायाचित्राने मोठे काम केले. माशांच्या खाद्यातही नायट्रोजन आणि फॉस्फरस असतातच. आजीची चिमूट आणि त्या शास्त्रज्ञांची पिंपे यांत फरक फक्त मापाचा आहे.

आता आम्ही काय केले ते सांगते, कारण नुसते मत देऊन वाचकाला वाऱ्यावर सोडणे बरे नव्हे. पेटी खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीशी नेली आणि आजोबांच्या खाटेचे डोके फिरवले, म्हणजे ऊन टळले आणि मासेही दिसत राहिले. दिव्याला टायमर लावला. दुपारी तीन ते रात्री दहा, सात तास. प्लॅस्टिकची झुडपे काढून खरी वॅलिस्नेरिया लावली. ती तेच नायट्रेट आणि फॉस्फेट खाते, जे शेवाळाला हवे असते. दोन-चार गोगलगायी सोडल्या. दर रविवारी नळीने तळाचा गाळ ओढत पाऊण पेटी तशीच ठेवून एक बादली पाणी काढायचे आणि आदल्या रात्री उघड्या बादलीत ठेवलेले, क्लोरीन उडालेले पाणी घालायचे. काढलेले पाणी आम्ही जास्वंदीला घालतो. तिला इतकी फुले पूर्वी कधी आली नव्हती. जे पेटीत उपद्रव करते तेच कुंडीत खत होते. समोरची काच तेवढी जुन्या फडक्याने पुसायची. मागची आणि बाजूची तशीच ठेवायची.

अन्नाचा प्रश्न सर्वांत अवघड होता. मी सातचे एक करणार म्हटल्यावर आजी कडाडली, "उपाशी मारतीस व्हय गं मुक्या जिवांना?" शेवटी असे ठरले, की खाद्याचा डबा आजोबांच्या उशाशी राहील आणि त्यांच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढेच, दिवसातून एकदा, संध्याकाळी. आठवड्यातून एक दिवस काहीच नाही. तो वार कोणता, यावर आजीनेच तोड काढली. तिचा सोमवारचा उपास असतो. मासेही सोमवार धरू लागले. तिचा विरोध तिथे मावळला.

फळ लगेच आले नाही. पहिले तीन-चार आठवडे काच तेवढीच हिरवी होती आणि घरात माझी यथेच्छ थट्टा झाली. पण वॅलिस्नेरियाला नवी पाने फुटू लागली, तंतू विरळ झाले, पुसलेली काच दोन दिवसांऐवजी आठवडाभर स्वच्छ राहू लागली. सुमारे दहा आठवड्यांनी पेटी पाहण्याजोगी झाली.

माझ्या मतावर आक्षेप आहेत, तेही नोंदवते. कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, एक सकर मासा आणून सोडा, तो काच चाटून साफ करतो. दुकानात बोटाएवढा दिसणारा हा दक्षिण अमेरिकेतला मासा हाताएवढा होतो. मग तो दोन फुटी पेटीत मावत नाही आणि लोक 'पुण्य' म्हणून त्याला नदीत सोडतात. भारतातल्या अनेक नद्या-तलावांत हा परका मासा आता ठाण मांडून बसला आहे. आपल्या काचेवरची शिल्लक नदीच्या खात्यावर टाकण्याचा आपल्याला अधिकार नाही. दुसरा आक्षेप खरा आहे : प्रत्येक हिरवा थर एका जातीचा नसतो. नव्या पेटीतली तपकिरी धूळ डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाची. ती बहुधा आपोआप ओसरते, तिच्यासाठी घाबरायचे कारण नाही. निळसर हिरवा, वास येणारा, पापुद्र्यासारखा निघणारा थर मुळात शेवाळच नव्हे. ते एका प्रकारचे जिवाणू. तो नळीने ओढून काढावाच लागतो. पेटी तीन-चार दिवस काळ्या कापडाने झाकून ठेवण्यानेही पुष्कळदा जोर कमी होतो. हे सगळे करावे. मात्र जमेची बाजू तशीच ठेवून केले, तर महिन्याने पुन्हा तेच करावे लागेल, एवढे ध्यानात असावे.

हा केवळ दोन फुटी पेटीचा प्रश्न असता, तर मी वार्षिकांकाची पाने अडवली नसती. आम्ही कोल्हापूरकर संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जातो. गेल्या काही दशकांत त्या तळ्याने जलपर्णीचे गालिचेही पाहिले आणि हिरवे, वास मारणारे पाणीही पाहिले. जलपर्णी काढली जाते, छायाचित्रे छापून येतात, आपण समाधान मानतो. ती काढायलाच हवी. आमची समोरची काचही पुसावीच लागते. पण तळ्यात मिसळणारे सांडपाणी ही त्या तळ्याची जमेची बाजू आहे, आणि तिच्याकडे पाहायचे तर आपल्या घरातल्या मोरीपासून पाहावे लागते. ते कोणालाच फारसे सोयीचे नसते. पाणी हिरवे झाले, की आपण विचारतो, 'हे कोण काढणार?' आजोबांनी विचारले असते, 'हे कोणी घातले?'

मागच्या काचेवर हातभर शेवाळ आम्ही मुद्दाम ठेवले आहे. वाचलेल्या तीन मॉलींपैकी दोन माद्या निघाल्या. त्या दिवसभर ते खुडत असतात, आणि त्यांची पिल्ले वॅलिस्नेरियाच्या पानांआड लपतात. पाहुणे आले, की म्हणतात, "मागची काच पण घासा की!" आजोबा मान हलवून नको म्हणतात. सकाळची मोजणी चालू आहे; पिल्ले एका जागी राहत नाहीत, त्यामुळे कधी चौदा भरतात, कधी पंधरा. हिशेब रोज जुळत नाही. आजोबांची आता त्याबद्दल तक्रार नाही.

ज्यांच्या घरी अशी हिरवी झालेली पेटी असेल, त्यांना एवढीच विनंती, की बाटली आणायला निघण्यापूर्वी आठ दिवस एक वही करावी. दिवा किती तास लागतो आणि कोण कोण किती वेळा चिमूट टाकते, एवढे लिहावे. वही पेटीजवळच खिळ्याला टांगावी, आणि तिच्यात स्वतःचे नाव लिहायला विसरू नये.